धनुष्य : नवे स्वस्त की जुने नामांकित?
एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

यंदा आपल्या जिमखान्याने धनुर्विद्येसाठी स्वतंत्र रक्कम बाजूला काढली, हे सूचनाफलकावर वाचले तेव्हा आम्हा पाचजणांना किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. आजवर कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांतून काही उरले तर ते धनुर्विद्येला, असा क्रम होता. आणि क्रिकेटमधून काही उरत नाही हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आनंद ओसरतो न ओसरतो तोच वाद सुरू झाला. रक्कम फार तर एका चांगल्या संचापुरती. एक पक्ष म्हणतो, कॅटलॉगमधले नवे कोरे, स्वस्तातले रिकर्व्ह धनुष्य घ्यावे. दुसरा पक्ष म्हणतो, आपल्या परिचयातल्या एका गृहस्थांकडे अमेरिकेहून आणलेले, एका नामांकित कंपनीचे सत्तरच्या दशकातले लाकडी धनुष्य आहे, ते अल्प किमतीत द्यायला तयार आहेत, ते घ्यावे. असली वस्तू पुन्हा मिळणे नाही. पहिल्या पक्षात बहुतेक विद्यार्थी आहेत, दुसऱ्यात बहुतेक प्राध्यापक. वाद कँटीनपासून स्टाफरूमपर्यंत गेला. ज्यांच्या हातात ते धनुष्य येणार त्यांचे मत मात्र अद्याप कोणी विचारलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आम्ही पाचही जण बांबूच्या धनुष्यावर शिकलो. शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांत या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ नावाचा वेगळा गट असतो. धनुष्य हलके, किंमत आवाक्यातली, आणि आमच्यासारख्या मुलामुलींना खेळाच्या दारात आणून सोडणारे. पण दार तेवढेच आहे. ऑलिंपिकमध्ये बांबूचे धनुष्य चालत नाही. तिथे रिकर्व्ह लागते, म्हणजे ज्याची टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात ते. २०२८ साली लॉस एंजलिसला कंपाउंड धनुष्याचाही मिश्र दुहेरी गट येणार आहे. परंतु कंपाउंडची किंमत ऐकून आमच्या जिमखान्याने डोळे मिटले, तेव्हा तो विषय इथेच सोडते. रिकर्व्हवर ७० मीटर अंतरावरून १२२ सेंटीमीटर व्यासाच्या लक्ष्यावर ७२ बाण मारायचे, पूर्ण गुण ७२०. मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटीमीटरचे, म्हणजे आपल्या चहाच्या बशीपेक्षाही लहान. बांबूच्या धनुष्यावर कितीही नाव मिळवले तरी या बशीपर्यंत जाण्याचा रस्ता रिकर्व्हवरूनच जातो. मी आता एकोणीस वर्षांची आहे आणि द्वितीय वर्षात आहे. माझ्याजवळ महाविद्यालयाचे दोन हंगाम उरले आहेत. यंदा चुकीचे धनुष्य आले तर त्यातला एक त्याच्याशी झगडण्यात जाईल. माझ्यामागून आलेल्या प्रथम वर्षाच्या दोन मुलींचे तर शिकणेच उलट्या पायाने सुरू होईल. तेव्हा हा वाद माझ्या दृष्टीने केवळ आवडीनिवडीचा नाही.

वादात शिरण्यापूर्वी एका तिसऱ्याच मताचा समाचार घेणे आवश्यक आहे. आपल्या जिल्ह्यात धनुर्विद्येचा विषय निघाला की भाषणात एकलव्य आलाच. ‘आमच्या सातपुड्याच्या लेकरांना साधनांची काय गरज? धनुर्विद्या त्यांच्या रक्तात आहे!’ टाळ्या पडतात, वक्ते खाली बसतात, आणि धनुष्य काही येत नाही. मी भिल्ल समाजातली आहे. माझ्या आजोबांचा तीरकामठा आमच्या घरात आढ्याला अजून टांगलेला आहे. धनुष्य बांबूचे आणि दोरीही बांबूच्याच सालीची. तो करताना बांबू कोणता निवडायचा, किती वाळवायचा, कुठे किती तासायचा याचे केवढे ज्ञान आजोबांना होते! म्हणजे साधनाची पारख ही आमच्याकडे परंपरेनेच आहे. साधनावाचून भागते असे कोणत्याही शिकाऱ्याने कधी म्हटलेले नाही. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. गंमत अशी की आजच्या रिकर्व्हची दोरी तर्जनी, मधले बोट आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात; अंगठ्याचे तिथे काही काम नाही. आजच्या एकलव्याचे अडते ते अंगठ्यावाचून नव्हे, धनुष्यावाचून.

लिंबाराम यांचे उदाहरण घ्या. राजस्थानातल्या आदिवासी घरात, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला हा मुलगा १९८८ साली सोलला भारताच्या पहिल्या ऑलिंपिक धनुर्धर संघात होता, आणि १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून त्याने तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. हे गुण त्याने घरच्या तीरकामठ्यावर मिळवले नाहीत. शासकीय प्रशिक्षण केंद्रात हाती आलेल्या आधुनिक धनुष्यावर मिळवले. झारखंडच्या दीपिकाकुमारी लहानपणी आंब्यांवर नेम धरत. पण २०१२ साली त्या जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या त्या अकादमीतल्या सामग्रीच्या आधारे. आपल्या महाराष्ट्रातले प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे, आईवडील मजुरी करणारे. क्रीडाप्रबोधिनीने त्यांना घडवले, आणि २०२१ साली टोकियोत त्यांनी पहिल्या फेरीत रशियाच्या खेळाडूला ६-० असे हरवले. पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून हरले ही गोष्ट वेगळी. या तिघांच्याही कथेत ‘रक्त’ आहे तेवढेच वेळेवर मिळालेले योग्य धनुष्यही आहे. ‘योग्य’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. महागडे असे मी म्हटलेले नाही.

आता जुन्या नामांकित धनुष्याकडे येऊ. ते मी पाहिले आहे, हातात घेतले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगते, इतकी सुंदर वस्तू मी क्वचितच पाहिली असेल. गडद लाकडाची मूठ हातात बरोबर बसते. पाती निमुळती होत जाऊन टोकाशी वळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाकडाच्या पातळ पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी काचतंतूचा थर चिकटवून धनुष्ये बनवण्याची रीत रूढ झाली. मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावी फ्रेड बेअर यांचा कारखाना होता. त्याच्यासारख्या कारखान्यांतून साठ-सत्तरच्या दशकांत अशी धनुष्ये मोठ्या संख्येने बाहेर पडली आणि त्यांपैकी बरीच आजही तिकडे विकत मिळतात. लोक ती हौसेने जमवतात. आपले प्राध्यापक म्हणतात की त्या काळची कारागिरी आता होत नाही, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खरे आहे. मूठ आणि पाती एकाच अखंड अंगात, सांधा नाही, खिळा नाही.

पण ज्या अखंडपणाचे कौतुक होते तोच शिकणाऱ्याच्या मुळावर येतो. धनुष्य ओढायला लागणारा जोर पौंडात मोजतात आणि तो २८ इंच ओढीवर धरलेला असतो. या धनुष्यावर ४५ पौंड असे लिहिले आहे. माझी ओढ २६ इंच. इंचाला सुमारे दोन पौंड कमी धरले तरी ४१ पौंड माझ्या वाट्याला येतात. कोणी म्हणेल, ऑलिंपिकमधल्या मुली चाळीस पौंडांच्या आसपास ओढतातच ना? ओढतात, पण कित्येक वर्षांच्या सरावानंतर, दोन-दोन पौंडांनी चढत जाऊन. नवशिक्या मुलीने वीस-बावीस पौंडांवर सुरुवात करावी असे सगळेच प्रशिक्षक सांगतात. जास्त जोराचे धनुष्य हातात दिले की ती पाठीने ओढायचे सोडून खांद्याने आणि मनगटाने ओढते, हनुवटीशी हात स्थिर होण्याआधीच दोरी सोडते, आणि ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. सुट्या पात्यांच्या धनुष्यात हलकी पाती काढून सहा महिन्यांनी थोडी जड बसवता येतात. अखंड धनुष्यात ४५ म्हणजे जन्मभर ४५. त्या काळी बाहेर पडलेली पुष्कळशी लाकडी धनुष्ये पुरुष शिकाऱ्यांसाठी, हरणांच्या शिकारीसाठी केलेली होती. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा त्या जोराचे आपल्याला काय करायचे आहे? शिवाय या धनुष्याला दर्शक बसवायला छिद्र नाही, तोल धरणारा दांडा लावायला आटे नाहीत. ७० मीटरवर दर्शकाशिवाय मारणे म्हणजे धुक्यात तापीवर होडी सोडणे.

दोरीचाही प्रश्न आहे. आजच्या दोऱ्या फारशा ताणल्या न जाणाऱ्या धाग्याच्या असतात. बाण सुटला की सगळा धक्का पात्यांच्या टोकांवर येतो. जुन्या धनुष्यांची टोके तो धक्का सोसण्यासाठी केलेलीच नव्हती. त्यांना थोडी ताणणारी डॅक्रॉनची दोरीच लावावी लागते. हे माहीत नसलेल्या कोणी उत्साहाने बाजारातली नवी दोरी चढवली तर पन्नास वर्षांची कारागिरी एका दुपारी चिरून जाईल. अशी वस्तू दहा-बारा मुलांच्या हातांत फिरणाऱ्या जिमखान्यात ठेवू नये. तिची जागा जाणकाराच्या घरी आहे आणि तिथे ती शोभते.

सारंगखेड्याच्या माणसाला खरे म्हणजे हे समजावून सांगण्याची गरज नसावी. दर वर्षी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत आपल्या दाराशी घोड्यांचा केवढा बाजार भरतो! मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे, उत्तर प्रदेशातले घोडे येतात. माझे वडील सालदार आहेत. पण यात्रेच्या दिवसांत ते घोडेवाल्यांकडे चारापाण्याच्या कामाला जातात आणि मी लहानपणापासून त्यांच्यामागे हिंडले आहे. घोड्याचा बाप कोण होता हे विकणारा सांगतो, घेणारा ते ऐकून घेतो आणि मग ओठ वर करून दात पाहतो. पाय उचलून खूर पाहतो, चालवून पाहतो, भोवरे मोजतो. नाव ऐकून पैसे मोजणारा मनुष्य मी त्या बाजारात पाहिलेला नाही. धनुष्यालाही दात असतात. टोकाकडून दोरीवरून नजर टाकली की दोरी पात्याच्या बरोबर मध्यातून जाते की नाही ते दिसते. जात नसेल तर पाते पिळलेले आहे. थरांच्या कडेवरून नख फिरवले की चिकटवण सुटली असेल तर ती लागते. काचतंतूवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असल्या तर फारसे बिघडत नाही. आडवी चीर दिसली तर हात जोडून परत द्यावे. हळूहळू ओढताना करकर ऐकू आली तर अर्ध्यावर थांबावे. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडण्याची हौस कोणा पाहुण्याने कधी केली होती का, हे विचारावे. बाणाने न्यायचा सारा जोर अशा वेळी पात्यांतच जिरतो आणि बाहेरून काही न दिसता ती आतून दुबळी होतात.

इतके म्हटल्यावर हेही सांगते की घोड्याचा दाखला पुढे ताणता येत नाही. आमच्याकडे एक सर म्हणाले, जुना घोडा वाट जाणतो, नवशिक्या स्वाराला तोच द्यावा. घोड्याबाबत ते बरोबर आहे. धनुष्य मात्र काहीच जाणत नाही. पूर्वीच्या मालकाचे कसब त्यात साठून राहत नाही. साठतो फक्त त्याने दिलेला ताण.

मग विद्यार्थी मित्रांचे म्हणणे मान्य करावे का? नवे, स्वस्त, सुट्या पात्यांचे, लाकडी मुठीचे धनुष्य? त्याची बाजू जेवढी दुबळी समजली जाते तेवढी नाही. पाती बदलता येतात, हलकी मिळतात, मोडली तर दुसरी येतात, दर्शकासाठी बहुतेक मुठींना छिद्र असते. माझ्यापाशी असलेल्या कोटेशनमध्ये पुरा संच चौदा हजारांचा आहे. प्रथम वर्षाच्या मुलींना वीस पौंडांवर उभे राहणे, श्वास आणि हात यांचा मेळ, दोरी सोडणे हे शिकवायला ते पुरेसे आहे. त्याला हसणाऱ्यांशी माझे भांडण आहे. परंतु ‘पुरा संच’ या शब्दांवर भुलू नये. संचात दिलेला दर्शक प्लास्टिकचा असतो आणि पहिल्या पंधरवड्यात डळमळू लागतो. बाण सर्वांना एकच मापाचे दिलेले असतात, आणि धनुष्याच्या जोराला न जुळणारा बाण नेम बरोबर असूनही बाजूला जातो. दोरी सुटताना बाण सरळ जात नाही, माशासारखा वळवळत मुठीला वळसा घालून जातो. त्याचा कडकपणा धनुष्याशी जुळला तरच तो वळसा बरोबर पडतो. तेव्हा चौदा हजारांत धनुष्य येते, नेमबाजी येत नाही. लाकडी मुठीचे खाचेही सतत पाती बदलल्याने सैल होतात. एक मिलिमीटरचा ढिलेपणा ७० मीटरवर बाण कुठच्या कुठे नेतो. पहिले वर्ष हे धनुष्य साथ देईल. दुसऱ्या वर्षी तेच आपल्याला मागे खेचू लागेल. आणि आपल्या जिमखान्याची रीत पाहता, एकदा धनुष्य घेतल्यावर पुन्हा पाच वर्षे कोणी नाव काढणार नाही.

वादातले दोन्ही पक्ष ‘जुने’ या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे. जुने अखंड लाकडी धनुष्य वेगळे आणि जुनी धातूची मूठ वेगळी. अमेरिकेच्या हॉयट कंपनीने १९८० च्या दशकात मूठ आणि पाती जोडण्याची एक पद्धत काढली. पुढे इतर कंपन्यांनीही ती स्वीकारली, आणि आज तिला मैदानावर सगळे आयएलएफ म्हणून ओळखतात. तिचा लाभ असा की एका कंपनीच्या मुठीत दुसऱ्या कंपनीची पाती बसतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुठीत आज तयार झालेली पाती बसतात. जोडणीचा बोल्ट फिरवून जोर सुमारे दहा टक्के कमीजास्त करता येतो. ॲल्युमिनियमची मूठ वाकलेली नसेल, तिला तडा नसेल, तर तिला म्हातारपण सहसा येत नाही. म्हातारी होतात ती पाती. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : मूठ जुनी घ्यावी, पाती नवी घ्यावीत.

ही केवळ कल्पना नाही. पोलीस, रेल्वे, सेनादल यांतून खेळलेले अनेक धनुर्धर निवृत्त झाल्यावर किंवा नवी सामग्री मिळाल्यावर आपली जुनी मूठ विकतात. असे व्यवहार दुकानात होत नाहीत. स्पर्धेच्या मैदानावर, ओळखीने, हातोहात होतात. गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत मला अशीच २५ इंची मूठ दाखवण्यात आली. रंग ठिकठिकाणी उडालेला, पण सरळ. किंमत अठरा हजार. तिच्यावर नवी, लाकडी गाभ्याची, हलकी पाती चढवायची तर आणखी नऊ हजार. म्हणजे सत्तावीस हजार, नव्या स्वस्त संचाच्या जवळजवळ दुप्पट. पण २५ इंची मुठीवर लहान पाती लावली की ६६ इंची धनुष्य होते, ते माझ्यासारखीला. मध्यम पाती लावली की ६८ इंची, ते आमच्यातल्या उंच मुलांना. एका मुठीवर पात्यांच्या दोन जोड्या ठेवल्या की पाचजण पाळीपाळीने सराव करू शकतात. प्रथम वर्षाची मुलगी तिसऱ्या वर्षात पदवी घेऊन बाहेर पडेल तोवर तीच मूठ तिच्या हातात राहील, फक्त पाती बदलतील. अव्वल दर्जाचा नवा संच दोन-तीन लाखांच्या घरात जातो, तो आपल्याला या जन्मी परवडणार नाही. या सत्तावीस हजारांच्या मुठीवर मात्र विद्यापीठाच्या स्पर्धेत मान वर करून उभे राहता येते.

दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. हॉयटनेच पुढे ‘फॉर्म्युला’ नावाची दुसरी जोडणी काढली; तिच्या मुठीत आयएलएफची पाती बसत नाहीत. घेताना हे पाहिले नाही तर मूठ एकीकडे आणि पाती दुसरीकडे अशी अवस्था होईल. दुसरे, ज्या कंपनीने धनुष्याचा धंदाच बंद केला तिची खास स्वतःच्या मापाची सामग्री घेऊ नये. जपानची यामाहा कंपनी एके काळी उत्तम धनुष्ये बनवत असे. २००२ साली तिने ते काम थांबवले. नाव मोठे, पण सुटा भाग हवा असेल तर कोणाच्या दारात जायचे?

आता खरी अडचण. ती मैदानावर नाही, कार्यालयात आहे. खरेदी समितीच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशने लागतात, जीएसटीचे पक्के बिल लागते, आणि वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवावी लागते. निवृत्त खेळाडूकडून घेतलेल्या मुठीचे पक्के बिल कोठून आणायचे? तो साध्या कागदावर पावती देईल, फार तर मुद्रांकावर सही करील. म्हणून नियम आपोआप स्वस्त नव्या वस्तूच्या बाजूला झुकतो. आणि त्या गृहस्थांचे लाकडी धनुष्य तेवढे ‘देणगी’ या सदरात शिरू शकते. म्हणजे ज्या दोन पर्यायांवर एवढा वाद चालला आहे ते दोनच पर्याय का उरले, याचे उत्तर धनुर्विद्येत नसून हिशेबाच्या वहीत आहे. नियम अपहार टाळण्यासाठी केलेले आहेत हे मला मान्य आहे. गरिबाच्या पोरांच्या जिमखाना फीतून आलेला पैसा आहे, त्याचा पैन् पैचा हिशेब झालाच पाहिजे. पण वापरलेल्या क्रीडासाहित्याच्या खरेदीसाठी शारीरिक शिक्षण संचालक, एक बाहेरचा प्रशिक्षक आणि लेखापाल अशा तिघांनी वस्तू तपासून लेखी मूल्यांकन द्यावे आणि त्या आधारे पैसे अदा करावेत, अशी तरतूद करायला कोणता कायदा आड येतो? प्रयोगशाळेच्या जुन्या उपकरणांचे मूल्यांकन करून ती निर्लेखित करताना अशीच समिती बसते. काढून टाकताना जे चालते ते घेताना का चालू नये?

माझी विनंती एवढीच आहे की समितीने यंदाची रक्कम जुनी आयएलएफ मूठ आणि नव्या पात्यांवर खर्च करावी. ती तरतूद यंदा जमली नाही तर नवे स्वस्त धनुष्य घ्यावे, वीस पौंडांचे, आणि ते प्रथम वर्षाच्या मुलींच्या नावे ठेवावे; मी बांबूवर आणखी एक हंगाम काढीन. लाकडी धनुष्य मात्र कृपा करून स्वीकारू नये. ते स्वीकारले की ‘महाविद्यालयाकडे परदेशी धनुष्य आहे’ असे अहवालात छापले जाईल, आणि पुढची पाच वर्षे त्या एका ओळीच्या जोरावर कोणी दुसऱ्या धनुष्याची मागणी ऐकून घेणार नाही.

बाणांसाठी वेगळी रक्कम धरायला हवी, हे राहूनच गेले होते. धनुष्य एकदा घ्यायचे, बाण दर हंगामाला. बारा सारखे बाण, प्रत्येकीच्या ओढीप्रमाणे कापलेले, याशिवाय सराव म्हणजे नुसता हाताचा व्यायाम.

आणि ठेवण्याची जागा. सध्या जिमखान्याचे साहित्य मैदानाकडच्या पत्र्याच्या खोलीत असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. त्या पत्र्याखाली पात्यांची चिकटवण एका उन्हाळ्यात सुटेल, मग पाती नवी असोत की जुनी. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जुन्या नियतकालिकांच्या खोलीत एक उंच लाकडी कपाट रिकामे आहे. भिंत उत्तरेची, खोली थंड. ग्रंथपालांना मी विचारले आहे, त्यांची हरकत नाही. दोरी उतरवून ठेवायची आणि किल्ली त्यांच्याकडे द्यायची एवढीच त्यांची अट आहे. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज मी लेखासोबत देत आहे.